कमरेतून जाणारी वायर: दिवे-आवाजाच्या रोबो-ट्रकची तपासणी, सोलापूर

२ एप्रिल २०२५

पूर्व भागातल्या एका खेळघरासाठी ट्रकचा रोबो होणारी बारा खेळणी घ्यायची आहेत. दिवे आणि आवाज हवेतच, मुलं तेच मागतात. एकेका खेळण्यावर दिवसाला चार-पाच मुलांचे हात पडणार, त्यामुळे घरच्या वापराचा अंदाज इथे लावता येत नाही. नवी पेठेतून दोन वेगवेगळे नग आणले. कंपन्यांची नावं नोंदीत घेत नाही. एक ‘अ’, दुसरा ‘ब’.

अ: ट्रक १९ सेंमी, उभा रोबो २२.५ सेंमी, सेल काढून ३१८ ग्रॅम, रूपांतराचे १९ टप्पे. पाठीत तीन एलआर४४ बटण सेल. १,४५० रुपये.

ब: ट्रक २०.५ सेंमी, रोबो २६ सेंमी, ४१२ ग्रॅम, २६ टप्पे. कमरेच्या ठोकळ्यात तीन एएए सेल. १,६९० रुपये.

दोन्ही खोक्यांवर आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल, म्हणजे परवान्याचा क्रमांक आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर हे चिन्ह सक्तीचं आहे. क्रमांक नुसता छापलेला पाहून भागत नाही, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून परवाना चालू आहे का ते बघायचं. दोन्ही क्रमांक चालू निघाले. दिव्या-आवाजाच्या खेळण्याला खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या आयएस ९८७३ सोबत विजेच्या खेळण्यांचं आयएस १५६४४ हे मानकही लागतं, म्हणून परवान्यात दोन्हींचा उल्लेख आहे याची खात्री केली.

खोक्यात बसवून आलेले सेल काढून टाकले. ते दुकानात बटण दाबून बघण्यापुरते असतात. त्यांच्यावर आवाज तपासला तर चांगल्या खेळण्यालाही आपण नापास करून बसू.

३ एप्रिल

पहिलं रूपांतर, दोन्हींचं. सूचनांचा कागद बघून अ ला ११ मिनिटं, ब ला १९. दहाव्या खेपेला अ दीड मिनिटात, ब सव्वातीन मिनिटांत.

अ मध्ये क्रम चुकला तरी काही मोडत नाही, हा त्याचा मोठा गुण. हात आधी काढले काय, पाय आधी उलगडले काय, भाग एकमेकांत अडकत नाहीत. ब मध्ये टप्पा ९ आणि १० उलटे झाले की खांद्याचा ठोकळा दरवाजाच्या आतल्या खुंटीवर दाबला जातो. तेव्हा दरवाजाच्या कडेला निळ्या प्लॅस्टिकवर पांढरट रेघ उठते. तो मळ नाही, पुसून जात नाही. एबीएस प्लॅस्टिक लवचीकपणाच्या हद्दीपलीकडे ताणलं गेल्याची ती खूण आहे, पुढची चीर तिथूनच जाते. मुलांना शिकवताना ‘आधी दरवाजा पूर्ण उघडा, मग खांदा’ हे एकच वाक्य पाठ करून घ्यावं लागेल.

ब ची कंबर टप्पा १४ मध्ये १८० अंश फिरते. कुठल्याही बाजूने, कितीही. अडवणारं काहीच नाही. हे तेव्हाच खटकलं, म्हणून लिहून ठेवतो.

५ एप्रिल

विजेची मापं. सेल आणि त्याच्या पितळी पट्टीमध्ये एक चपटी फीत सरकवली: मध्ये जाड कागद, दोन्ही बाजूंना तांब्याचा पातळ पत्रा. मीटरच्या दोन पिना त्या दोन पत्र्यांना. डबा न उघडता प्रवाह मोजण्याची ही सगळ्यात सोपी रीत. मायक्रोअँपिअरच्या पट्ट्यावर मीटर असताना आवाजाचं बटण दाबू नये. त्या पट्ट्यावर मीटरचा स्वतःचा रोध जास्त असतो, बोर्डाला व्होल्टेज कमी पडतं आणि खेळणं मध्येच बंद होतं. दोष मीटरचा असतो आणि शिव्या खेळण्याला बसतात.

अ: गप्प असताना ४ मायक्रोअँपिअर, आवाज-दिवे चालू असताना सरासरी ६२ मिलिअँपिअर. ब: ९ मायक्रोअँपिअर आणि १४५ मिलिअँपिअर. गप्प असतानाचा खर्च दोन्हींचा नगण्य आहे.

खरा फरक पुढे दिसला. नवे तीन एलआर४४ मोकळे मोजले तर ४.७ व्होल्ट. बटण दाबलं की ३.६. बटण सेल घड्याळ-कॅल्क्युलेटरच्या थेंबभर प्रवाहासाठी आहे. त्याचा आतला रोध मोठा, ६० मिलिअँपिअर मागितले की तो दबतो. ब चे एएए ४.८ वरून ४.५ वर येतात, बस्स.

अ चं बटण दर अर्ध्या मिनिटाला दाबत गेलो. ४१० व्या दाबाला आवाज फाटला. म्हणजे मोठ्या हिशेबाने ४२ मिलिअँपिअर-तास मिळाले. हलक्या भारावर हाच सेल याच्या तिप्पट-चौपट देतो. ब चा पूर्ण कस लावला नाही, पण त्याच हिशेबाने तीन हजारांच्या पुढे जायला हरकत नाही. खेळघरात दिवसाला साठ दाब धरले तर अ ला आठवड्याला तीन बटण सेल, ब ला दीड-पावणेदोन महिन्यांना तीन एएए.

एक उपयोगी निरीक्षण. निळ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल एलईडीला २. म्हणून ब चे निळे डोळे आधी मंदावले आणि छातीतला लाल दिवा तसाच राहिला तर सेल उतरलेत. सगळे दिवे एकदम लुकलुकले किंवा आवाज पहिल्यापासून सुरू झाला तर सेल बदलू नका, कुठेतरी जोड सैल आहे.

८ एप्रिल

लहान तुकड्यांची तपासणी. ३१.७ मिमी व्यासाचं नळकांडं, खोली तिरकी, २५.४ पासून ५७.१ मिमीपर्यंत. न दाबता जो तुकडा यात पूर्ण मावतो तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो. ब ची निघणारी मूठ मावली. अ ची बंदूक मावली नाही. दोन्ही खोक्यांवर ५ वर्षांपुढे असं छापलंय, म्हणजे नियमात दोघेही बसतात. पण खेळघरात मोठ्या बहिणीच्या कडेवर बसून दोन वर्षांचं पोर येतंच. ब च्या मुठी मनगटात पक्क्या करणार.

अ च्या सेलच्या झाकणाला स्क्रू आहे, आणि तो सैल केला तरी झाकणातून निसटत नाही. अशीच रचना हवी. तरीही बटण सेल आठवड्याला बदलायचे म्हणजे आठवड्याला एकदा ते टेबलावर सुटे पडणार, हे मनातून जात नाही. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर ओल्या त्वचेशी त्याची विद्युत-क्रिया सुरू होते आणि दोन तासांत आतून भाजतं. अशा वेळी उलटी करवायची नाही, घरी वाट बघायची नाही, थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं. खेळघरातल्या ताईंना हे आजच सांगितलं, खेळणी पोचायच्या आधी.

१० एप्रिल

फेऱ्यांची चाचणी सुरू. एक फेरी म्हणजे ट्रक ते रोबो ते ट्रक. लक्ष्य दोन्हींना ३००. फेरी मोजायला वहीत पाच-पाचच्या काड्या. प्रत्येक दहाव्या फेरीनंतर रोबो एका पायावर उभा करायचा, हात आडवा धरून त्यात ४० ग्रॅमचं वजन एक मिनिट टांगायचं, सगळी बटणं दाबायची.

१२ एप्रिल

अ ६०, ब ५०. दोन्ही ठीक.

१५ एप्रिल

ब ८४ व्या फेरीला बिघडला. कंबर फिरवताना इंजिनाचा आवाज तुटला आणि सुरुवातीपासून वाजला. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. सगळे दिवे एकदम मिचकावले. सेल काढून मोजले: भाराखाली ४.४ व्होल्ट, उत्तम. म्हणजे ५ तारखेच्या खुणेप्रमाणे जोडाचा दोष.

सेल बदलून बघायचा मोह टाळला. नवे सेल टाकताना ठोकळा हलतो, तात्पुरतं चालू होतं, आणि दोष सापडायच्याऐवजी लपतो.

१६ एप्रिल

ब उघडला. नऊ स्क्रू: सहा २.६ × ८ मिमी, तीन २ × ६ मिमी. कागदावर छातीचं चित्र काढून स्क्रू त्या-त्या जागी कागदातच टोचून ठेवले. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर समोरच्या बाजूला फुगवटा येतो किंवा रंग फुटतो. लोखंडी पिनांना हात लावला नाही. त्यांचं एक टोक खरबरीत असतं, उलट्या बाजूने ठोकली तर बिजागरीच चिरते.

छाती दोन भागांत उघडली. मधोमध कमरेचा पोकळ खांब, बाहेरून ९ मिमी, आतलं भोक ५ मिमी. त्यातून चार वायरी वर येतात: लाल आणि काळी सेलकडून, पिवळी आणि पांढरी कमरेच्या स्विचकडून. बोर्डावर काळ्या राळेचा गोळा, त्याखाली आवाजाची चिप. बाजूला ८ ओहमचा छोटा स्पीकर.

चारही वायरी दोरखंडासारख्या पिळल्या होत्या. उलट दिशेने सोडवत मोजले: पुरे तीन वेढे. कारण साधं आहे. ट्रकचा रोबो करताना कंबर उजवीकडे अर्धी फिरवली, रोबोचा ट्रक करताना पुन्हा उजवीकडेच अर्धी फिरवली, की वायरीला एक पूर्ण पीळ बसतो. उलट फिरवली तर पीळ सुटतो. आम्ही मुद्दाम दिशा न बघता फिरवत होतो, मूल फिरवतं तशी. कागदावर बाण आहे, पण ‘परत येताना उलट’ असं कुठेच म्हटलेलं नाही.

लाल वायर बोर्डाजवळ गरम गोंदाच्या थेंबात पुरली होती. थेंबाच्या कडेपाशी ती दोन बोटांत धरून हलकेच ओढली. एका जागी वरचं रबर पातळ होऊन ताणलं गेलं, दुसरीकडे ताणलं नाही. तुटलेली जागा ओळखायची ही खात्रीची पद्धत. रबर कापलं: आतल्या सातही तारा तुटलेल्या, टोकं नुसती एकमेकांना टेकलेली. बाहेरून वायर अखंड. कंबर जशी फिरेल तशी टोकं टेकायची-सुटायची, म्हणून बोर्डावरचं व्होल्टेज ४.४ आणि ३.१ च्या मध्ये नाचत होतं.

गोंदाने वायर धरून ठेवायची कल्पना वाईट नाही, डाखावर (सोल्डरच्या जोडावर) ताण येऊ नये म्हणूनच ती असते. पण गोंद थंड झाला की दगड होतो. त्याच्या कडेपाशी वायर एकदम कडकची मऊ होते आणि सगळा वाक त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये गोळा होतो. पीळ बसल्यावर वायर आखूड पडते, ताणही तिथेच. ८४ फेऱ्या टिकली हेच पुष्कळ.

मानेतल्या दोन वायरी, डोळ्यांच्या एलईडीकडे जाणाऱ्या, अगदी ठणठणीत होत्या. डोकं छातीत मागे मिटतं, ९० अंश, एकाच दिशेत. तिथे १५ मिमी सैल वायर सोडली आहे. एकाच खेळण्यात एका सांध्याचा विचार झालाय आणि दुसऱ्याचा नाही.

१९८४ साली अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने जपानच्या ताकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रोमॅन खेळण्यांतून ट्रान्सफॉर्मर्स ही मालिका उभी केली, तेव्हाच्या बहुतेक नगांत सांधा म्हणजे फक्त पिन आणि खटका. वायर आत आली की सांध्याला दुसरी जबाबदारी लागते. रोबोसेन कंपनीच्या २०२१ च्या स्वतःहून बदलणाऱ्या ऑप्टिमस प्राइममध्ये २७ सर्व्हो मोटारी आहेत, पण तिथे सांधा किती फिरायचा ते सर्व्हो ठरवतो. आपल्याकडे ते पोराच्या मनगटावर सोडलंय.

१७ एप्रिल

ब ची दुरुस्ती. गोंदाच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडले, मिनिटभराने गोंद अख्खा सुटून आला. थिनर किंवा अ‍ॅसिटोन वापरू नये, एबीएस विरघळतं.

चारही वायरी बदलून ३० गेजची सिलिकॉन वायर घातली. रबराऐवजी सिलिकॉनचं आवरण मऊ राहतं आणि आतल्या तारा जास्त बारीक असतात. जुनी लांबी ६२ मिमी, नवी ९०. टोकं ३ मिमी सोलली, सोल्डरिंग गनऐवजी बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, ३२० अंश, दोन सेकंदांच्या वर टेकवली नाही. स्वस्त बोर्डावरचा तांब्याचा ठिपका जास्त तापला की उचलून येतो आणि मग दुरुस्ती तासाभराची होते.

जास्तीची वायर खांबाभोवती एक सैल वेढा देऊन ठेवली. आता कंबर फिरली की वेढा आवळतो किंवा सैलावतो, एका बिंदूवर वाक येत नाही. धरायला गोंद नाही, खांबापासून २० मिमी लांब दोऱ्याची गाठ.

फिरणं अडवायला छातीच्या आत २ × २ × ४ मिमीचा एबीएसचा तुकडा फेव्हिक्विकने चिकटवला. कमरेच्या ठोकळ्यावरचा ३ मिमीचा उंचवटा त्याला अडतो, कंबर १८० अंशांवर खट्ट थांबते.

मिटवताना स्क्रू आधी उलटा फिरवायचा. ‘टक’ करून जुन्या आट्यात बसला की मग सुलटा. सरळ दाबून आवळला तर प्लॅस्टिकमध्ये नवे आटे पडतात, आणि तिसऱ्या वेळी स्क्रू नुसता गोल फिरतो.

१९ एप्रिल

चिकटवलेला तुकडा २२ फेऱ्यांत निखळला. फेव्हिक्विक ओढीला भक्कम, पण बाजूच्या धक्क्याला उडतो. त्या जागी १.५ मिमीचं भोक पाडून २ × ६ चा स्क्रू आतून बसवला, त्याचं डोकंच आता अडसर. मोठ्या माणसाच्या जोराने फिरवून पाहिली, हलला नाही.

शिवाय आतून काळ्या मार्करने बाण काढून काय उपयोग, म्हणून ट्रकच्या पोटाखाली ओरखडून दोन खुणा केल्या: इकडून जा, तिकडून ये.

२४ एप्रिल

अ १९०, ब १६०. अ च्या पुढच्या काचेच्या बिजागरीत पांढरी रेघ. पारदर्शक प्लॅस्टिक एबीएसपेक्षा ठिसूळ, आणि पिन त्यात घट्ट ठोकलेली. काच कोपऱ्याला धरून उघडली की सगळा पीळ पिनेपाशी. मधोमध धरून उघडायची. थेंबभर सिलिकॉन तेल दिलं. शिवणयंत्राचं किंवा दुसरं कुठलं खनिज तेल पारदर्शक भागाला लावू नये, चिरा पडतात.

चाचणीसाठी दोन्ही नग मधले काही दिवस खेळघरात ठेवले होते. परत आले ते चाकं न फिरणारे. इथे ही अडचण येणारच. आजूबाजूला टॉवेलचे यंत्रमाग, हवेत सुताचा बारीक तूस. तो आसाभोवती गुंडाळत जातो आणि चाक व बॉडीच्या मध्ये गादीसारखा दाबला जातो. ब च्या एका चाकातून चिमट्याने ओढला तर आसाभोवती नऊ-दहा पदर निघाले, करड्या रंगाची छोटी अंगठीच. आसाला तेल दिलेलं असेल तर तूस जास्तच धरतो, म्हणून चाकांना तेल द्यायचं नाही, कोरडंच ठेवायचं.

हाच तूस ब च्या कमरेच्या स्विचमध्येही गेला होता. तो पत्तीचा उघडा स्विच आहे. पत्ती टेकत नव्हती म्हणून रोबो उभा राहिल्यावरही ट्रकचा भोंगा वाजत होता. कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून पत्तीत दोनदा ओढली, काम झालं. पॉलिशपेपर नको. पत्तीवरचा मुलामा जातो आणि मग ती गंजते. अ चा स्विच बंद डबीतला आहे, त्याला काहीच झालं नाही.

२ मे

उष्णता. खेळघराला पत्र्याचं छप्पर आहे. दुपारी अडीच वाजता मांडणीवर ४४ अंश, बंद लोखंडी पेटीत ५१. दोन्ही नग दोन तास पेटीत ठेवले. एबीएसच्या भागांना फरक नाही. ब ची मऊ पीव्हीसीची तलवार वाकली. ७० अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून सरळ केली आणि लगेच थंड पाण्यात बुडवली, आकार परत आला. ब चा खांद्याचा गोळा-सांधा गरम असताना ४० ग्रॅम पेलू शकला नाही, हात हळूहळू खाली आला. अ च्या खांद्यात दातांचा खटका आहे, तो जागचा हलला नाही.

सैल गोळ्यावर फ्लोअर पॉलिशचा पातळ हात दिला आणि रात्रभर सुटा ठेवून वाळवला. ओला असताना जोडला असता तर सांधा चिकटून बसला असता.

सुट्टीत खेळघर बंद राहिलं तर सेल काढून ठेवायचे. अल्कलाइन सेल फुटला की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. पट्ट्यांवर पांढरट-निळसर बुरशीसारखं दिसलं तर लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने पुसायचं, मग अल्कोहोलने, हातमोजे घालून.

६ मे

रिचार्ज होणारे एएए ब मध्ये घालून पाहिले. प्रत्येकी १.२ व्होल्ट, तिन्ही मिळून नावाला ३.६, भरून काढल्याबरोबर ४.० च्या थोडे खाली. आवाज पूर्ण, निळे डोळे जरा मंद पण स्वच्छ दिसतात. चालतील. अ ला हा पर्यायच नाही.

९ मे

अ ३००. काचेची बिजागरी २३६ व्या फेरीला तुटली, बाकी सगळं नव्यासारखं. सगळी वीज छातीच्या एकाच डब्यात, कुठल्याही सांध्यातून वायर नाही. डोळ्यांत एलईडीसुद्धा नाही. मानेखालच्या एका एलईडीचा उजेड पारदर्शक दांडीतून वर चढतो. डोकं ४० अंशांपेक्षा जास्त वळवलं की डोळे फिके पडतात, तेवढंच. फार देखणी रचना आहे, आणि बटण सेल निवडून तिचं मोल कमी केलं गेलं याची खरंच हळहळ वाटते.

ब ३००. दुरुस्तीनंतर २१६ फेऱ्या. आज पुन्हा उघडला: वायरीला पीळ नाही, वेढा तसाच गोल, गाठ जागेवर, चारही वायरी ओढून पाहिल्या, रबर कुठेही पातळ होत नाही. अडसराच्या स्क्रूच्या डोक्यावर चमकदार घासखूण, खोली नखाला लागत नाही एवढी.

१२ मे

ठरलं: ब घ्यायचा, पण बारा नव्हे, दहा. दोन नगांचे पैसे सिलिकॉन वायर, स्क्रू, चार्जर आणि तीस रिचार्ज सेलसाठी. वाटण्याआधी दहाही नगांची कंबर १७ व १९ एप्रिलच्या पद्धतीने करायची, एका नगाला चाळीस मिनिटं. मुठी मनगटात पक्क्या करायच्या. उघडल्यावर दुकानाची हमी संपते, आणि खेळणं परवान्यात तपासलं होतं तसं राहत नाही. त्यामुळे आतलं प्रत्येक डाख स्लीव्हने (प्लॅस्टिकच्या बारीक नळीने) झाकायचं आणि सेलच्या झाकणाचा स्क्रू प्रत्येक वेळी परत लावायचा, ही जबाबदारी आता आमची.

दुकानात दहा नग निवडताना करायचं एवढंच: नवे सेल घालून आवाज चालू ठेवायचा आणि तो वाजत असताना कंबर, मान, खांदे सावकाश फिरवायचे. ज्याचा आवाज एकदाही तुटला तो बाजूला. मग कंबर एकाच दिशेने दोनदा पूर्ण फिरवून बघायची. दुकानदारांना आधी सांगूनच.

१५ मे

दहा नग आले. एकात आवाज पहिल्याच फिरवणीत तुटला, बदलून घेतला. तीन नगांची कंबर झाली. क्रमांक ३ मध्ये गोंदाचा थेंब थेट खांबाच्या तोंडावर होता, वायर नवी असूनही दोन तारा तुटलेल्या. उरलेले सात सोमवारपर्यंत.